येताना गोळ्या घेऊन ये!

संध्याकाळी कॉलेज सुटलं. सांगली स्टँडवर तासगावची गाडी लागली. धक्काबुक्की करून तुम्ही खिडकीची जागा धरली आणि तेवढ्यात घरून फोन. ‘शेजारच्या काकांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, येताना घेऊन ये. फोटो पाठवलाय बघ.’ फोटोत एक रिकामी स्ट्रिप, चुरगळलेली. नावाचं अर्धं अक्षर दिसतंय, अर्धं गोळ्यांबरोबर पोटात गेलंय. आता जागा सोडायची की माधवनगरला उतरून मेडिकल गाठायचं आणि मागची गाडी पकडायची? बहुतेक वेळा उतरावंच लागतं, कारण पुढं गावात ती गोळी मिळेलच याची खात्री नाही.

माधवनगर-बुधगाव-कवलापूर रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्या पोरापोरींना हे सांगायला नको. पण कधी असा विचार केलाय का, की गावाच्या औषधपुरवठ्याच्या साखळीतली शेवटची कडी तुम्ही आहात? कंपनी, डेपो, होलसेलर, मेडिकल आणि मग तुमची सॅक. पगार नाही, परवाना नाही आणि मधल्या कप्प्यात डबा, चार्जर आणि काकांच्या गोळ्या.

यात गंमत अशी की आपण काही औषधांच्या दुष्काळी प्रदेशात राहत नाही. मिरज इथून हाकेच्या अंतरावर. तिथं १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि तेव्हापासून लांबलांबून पेशंट मिरजेला येतात. सांगली-मिरजेच्या हॉस्पिटलांच्या रस्त्यांवर एका ओळीत चार-चार मेडिकल दिसतील. मग माधवनगरपासून जसजसं आत जावं, तासगावच्या पलीकडं, कवठेमहांकाळ, जतच्या पूर्व भागात, तसतसे ते हिरवे फलक विरळ का होत जातात? जतची सीमेवरची गावं आठवतात ना? २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी ज्या चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि आठवडाभर टीव्हीवर गदारोळ झाला, ती. गाव कुणाचं यावर भरपूर चर्चा झाली. गावात औषध कुठून येतं, हे कुणी विचारलं नाही. साताऱ्यात कोयनेच्या जलाशयाकाठच्या काही गावांना तर अजूनही लाँचचा आधार लागतो.

कारण शोधायला लांब जायला नको, वहीच्या मागच्या पानावर गणित मांडा. समजा दोन हजार वस्तीच्या गावात मेडिकल काढलं आणि दिवसाला तीन हजारांची विक्री झाली. महिन्याचे झाले नव्वद हजार. सरकारनं ज्या औषधांची किंमत बांधून दिली आहे, त्यात विक्रेत्याचा वाटा १६ टक्के धरलेला असतो. बाकीच्यांवर साधारण २०. मध्ये १८ धरले तरी हातात येतात सोळा हजार दोनशे. यातून गाळ्याचं भाडं, लाईट बिल, चोवीस तास चालणारा फ्रीज आणि मुदत संपलेल्या मालाची झळ. उरलंच काही, तर फार्मासिस्टचा पगार. आणि फार्मासिस्ट लागतोच. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे, फार्मसी कायदा १९४८ चा. तिन्हींचं सार एकच: डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं. नियम चांगलाच आहे. पण सोळा हजारांत तो बसत नाही.

मग काय होतं? जे होतं ते फार्मसीला असलेल्या तुमच्या मित्राला विचारा, तो हसेल. सर्टिफिकेट भिंतीवर लागतं आणि माणूस दुसऱ्या गावात, दुसऱ्या नोकरीत असतो. त्याला महिन्याला ठरलेली रक्कम मिळते. काउंटरवर बारावी झालेला एखादा पोरगा असतो. हुशार असतो, हात भराभर चालतो, डॉक्टरांचं अक्षर त्याला आपल्यापेक्षा चांगलं लागतं. पण दोन औषधं एकत्र घेतली तर काय होईल, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर राज्यभर कारवाई सुरू केली. विक्रेत्यांनी बंद पुकारले, वाद पेटला. नियम बरोबर होता आणि बंद करणाऱ्यांची ‘एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून’ ही तक्रारही तेव्हा अगदीच खोटी नव्हती.

आज मात्र ती तक्रार चालणार नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये नव्या कॉलेजांना पाच वर्षं बंदी घातली होती. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही आणि मग कॉलेजांचं पेवच फुटलं. आपल्याच जिल्ह्यात सांगली, आष्टा, कासेगाव इथं फार्मसी शिकता येतं. म्हणजे एकीकडं डी.फार्म., बी.फार्म. झालेली मुलं पुण्यात कंपन्यांचे उंबरे झिजवतायत आणि दुसरीकडं गावात फार्मासिस्ट नाही. याला टंचाई म्हणत नाहीत. माणूस आहे, औषध आहे. दोघांना गावात एकत्र आणून उभं करण्याचा खर्च कोण उचलणार, एवढंच ठरलेलं नाही.

तोवर गाव आपली सोय बघतं. सर्वात जुनी सोय म्हणजे डॉक्टरांची पुडी. कागदात बांधलेल्या तीन रंगांच्या गोळ्या, ‘पांढरी सकाळी, पिवळी रात्री’. डॉक्टरनं स्वतःच्या पेशंटला औषध देणं कायद्याला मान्य आहे, दुकान उघडून विकायचं नाही एवढीच अट. इंग्लंडमध्येही खेड्यातला पेशंट फार्मसीपासून १.६ किलोमीटरपेक्षा लांब राहत असेल, तर तिथला डॉक्टर स्वतः औषध देऊ शकतो. फरक एवढाच, की तिथं डब्यावर औषधाचं नाव असतं. आपल्या पुडीवर काहीच नसतं. उद्या अंगावर पुरळ उठलं आणि मिरजेला न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना ‘पिवळी गोळी’ या माहितीचा काय उपयोग?

दुसरी सोय किराणा दुकान. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल, पण हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात पॅरासिटामॉल, अँटासिड, बाम, मलम अशा घरगुती औषधांची विक्री परवान्याशिवाय करायला नियमांच्या ‘शेड्यूल के’मध्ये मुभा आहे. माल परवानाधारकाकडून घेतलेला आणि मूळ पॅकिंगमधला हवा. या यादीत खोकल्याचं सिरपही होतं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव मिसळलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपनं वीसहून अधिक मुलं दगावली आणि त्यानंतर यादीतून सिरप काढण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारनं पुढं आणला. काढावंच. पण एक लक्षात घ्या, छिंदवाड्यातलं ते सिरप डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. विष कारखान्यात मिसळलं गेलं आणि दुरुस्ती किराणा दुकानापर्यंत पोचली. खेड्याच्या बाबतीत आपल्याकडं नेहमी असंच होतं: काहीतरी बंद करायचं ठरतं, त्याच्या जागी काय सुरू करायचं ते राहून जातं.

तिसरी सोय तुम्ही. आणि ही सोय धोक्याची आहे, म्हणून यावर जरा थांबूया. काउंटरवर तुम्ही पेशंट नसता. तुम्हाला काही विचारलं जात नाही, तुम्ही काही सांगू शकत नाही. काकांना दम्याचा त्रास आहे का? आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? तुम्हाला कुठून माहीत असणार! पैसे कमी असतील तर तुम्ही म्हणता, ‘चारच द्या.’ स्ट्रिप कापली जाते आणि मुदतीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहते. अँटिबायोटिक असेल तर चार गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, सरावतात. म्हणूनच २०१४ पासून काही तेज अँटिबायोटिक ‘शेड्यूल एच-१’मध्ये टाकली आहेत. ती देताना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर ती मिळत असतील तर रजिस्टरमध्ये काय लिहिलं जात असेल, याचा विचार करा.

इन्सुलिनचं तर विचारूच नका. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते. एप्रिलमध्ये एसटीच्या खिडकीशी सॅकमध्ये चाळीस अंश सहज असतात. वरून दिसायला बाटली तशीच दिसते, पण औषधाचा जोर गेलेला असतो. मग आजीची शुगर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवतात. तेव्हा इन्सुलिन आणायचं असेल तर थर्मास न्या. बर्फ थेट बाटलीला लावू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. घरी फ्रीज नसेल तर पाण्यानं भिजवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवलं तरी बाहेरच्यापेक्षा बरंच थंड राहतं.

आता म्हणाल, सरकारी दवाखाना आहे की! आहे. सपाटीवर तीस हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागं एक उपकेंद्र, असा निकष. केंद्रात औषध निर्माण अधिकारी असतो, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. काकांची बीपीची आणि आजीची शुगरची साधी गोळी तिथं फुकट मिळायला हवी. पण त्यानंतर दीडच महिन्यात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले आणि औषधांच्या तुटवड्याची चर्चा देशभर झाली. मोठ्या रुग्णालयावर ही वेळ येते, तर उपकेंद्राच्या कपाटाचा काय भरवसा? एकदा हात हलवत परत आलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही. तो तुम्हाला फोटो पाठवतो. तमिळनाडूनं १९९० च्या दशकातच औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढून बसवलेली घडी आपण अजून बसवतोय.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा एका अगदी कंटाळवाण्या जागेकडून वाटते. विकास सोसायटी. हो, तीच, जिथं बाबा पीककर्जाच्या सह्या करायला जातात. २०२३ च्या जूनमध्ये केंद्रानं देशातल्या दोन हजार सोसायट्यांना जनऔषधी केंद्र काढायला परवानगी द्यायचं ठरवलं. सोसायटीकडं बहुतेक ठिकाणी स्वतःची जागा असते, म्हणजे भाडं वाचलं. माणसं ओळखीची. जनऔषधीची औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त. मात्र डोळे उघडे ठेवून बघा, गणित इथंही आडवं येतं. विक्रेत्याला सुटतात २० टक्के, पण शंभराची गोळी वीसला विकली तर सुटणार चारच रुपये. सरकार महिन्याला वीस हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम देतं, पण ती खरेदीच्या प्रमाणात. छोट्या गावाची खरेदीच छोटी, म्हणजे जिथं गरज जास्त तिथं मदत कमी. त्यात डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात आणि चिठ्ठीवरच्या ‘शेड्यूल एच’ औषधाऐवजी दुसरं द्यायला नियम मनाई करतो, आतला घटक तोच असला तरी. दुकानात औषध आहे, पेशंट समोर आहे आणि देता येत नाही!

मग करायचं काय? फार्मासिस्टची अट काढून टाका, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. शहरातल्या पेशंटला सल्ला देणारा माणूस हवा आणि खेड्यातल्याला नुसती गोळी पुरे, हा कुठला न्याय? ऑनलाइन मागवा म्हणावं, तर ई-फार्मसीचे नियम २०१८ पासून मसुद्यातच अडकलेत. त्यापेक्षा फार्मासिस्टला फिरू द्या. आपल्याकडं गावोगावी आठवडी बाजार भरतो. भाजी, बांगड्या, बियाणं सगळं त्या दिवशी चालत येतं. चार गावांच्या सोसायट्यांनी मिळून एक फार्मासिस्ट ठेवला आणि तो बाजाराच्या दिवशी त्या त्या गावात बसला तर? बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या घ्यायच्या असतात, त्यांना रोजचं दुकान लागत नाही. अडचण अशी, की परवाना एका जागेचा असतो आणि फिरत्या विक्रेत्याला मिळतो तो मर्यादित परवाना, चिठ्ठीची औषधं त्यात बसत नाहीत. १९४५ च्या नियमांत एवढी एक खिडकी उघडता येणार नाही का? ऑस्ट्रेलियात १९२८ पासून विमानानं डॉक्टर पाठवणारी ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा आहे. ती दूरच्या वस्त्यांवर औषधांची पेटी ठेवते. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर असतो. डॉक्टर फोनवर सांगतो, अमुक नंबरची गोळी द्या. आपल्या प्रत्येक उपकेंद्राच्या गावात आज मोबाईल आहे. नंबर टाकलेली पेटी तेवढी नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. अठरा पूर्ण झाली असतील आणि मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही तिथं बोलू शकता. सोसायटीनं जनऔषधीसाठी अर्ज केला का, उपकेंद्रात आज कोणती औषधं शिल्लक आहेत, हे दोन प्रश्न लेखी द्या. उत्तर इतिवृत्तात यायला हवं असा आग्रह धरा.

आणि आज संध्याकाळी माधवनगरला उतरलातच, तर काउंटरवर विचारा, ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ नियमानं त्यांच्या अंगावर पांढरा कोट आणि नाव-नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हवा. असतील तर काकांना तिथूनच फोन लावून द्या, त्यांचं त्यांना बोलू दे. पाच मिनिटं जातील. तासगावची पुढची गाडी येतेच आहे.