पाय आपले, हुकूम कुणाचा?

पवनानगरच्या आपल्या वस्तीतला एक दोस्त जर्मनीत शिकतोय. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेलाय. मागच्या महिन्यात मी त्याच्या घरी असतानाच त्याचा फोन आला. शनिवारी सकाळी पोरगा उठला, स्टेशनावर गेला आणि समोर दिसली ती गाडी पकडली. कुठं उतरायचं हे ठरलेलं नव्हतं. बॉनची पाटी दिसली, उतरला. नदीकाठी बसून पाव खाल्ला, रात्री खोलीवर परत.

बाप भडकला. "सरकारनं पैका पुस्तकाला दिलाय, गावं हुंदडायला न्हाई. बाबासाहेब तिकडं अठरा-अठरा तास वाचत व्हते!" फोन ठेवून माझ्याकडं वळला. "तू तरी सांग त्याला. तुझं ऐकतो."

तिथं मी गप्प बसलो. म्हाताऱ्याशी काय भांडायचं? पण चळवळीतले आपलेच काही दोस्त हेच बोलतात. भटकंती म्हणजे पांढरपेशांची चैन. म्हणून इथं लिहितो. मी त्या पोराच्या बाजूचा आहे.

खर्चाचं म्हणाल तर २०२३ पासून तिकडं एकाच मासिक तिकिटावर देशभरच्या साध्या गाड्यांतून फिरता येतं. आणि ज्या बॉनमध्ये तो उतरला तिथल्या विद्यापीठात १९२१ साली बाबासाहेबांनी नाव घातलं होतं. पण हे नसतं तरी मी त्याच्याच बाजूनं बोललो असतो.

दोस्तांनो, आपली माणसं चालली नाहीत असं नाही. फार चालली. गावचा महार सरकारी टपाल घेऊन चालला, साहेबाच्या घोड्यापुढं पळाला, मयताचा सांगावा घेऊन भर उन्हात दहा गावं फिरला. पाय आपले, हुकूम दुसऱ्याचा. १९५८ च्या कायद्यानं वतन खालसा झालं, तोवर हे कागदोपत्री चालू होतं. मनात आलं म्हणून उठलो आणि चाललो, हे आपल्या पायांना माहीतच नव्हतं.

आणि निघालो तरी पाणी कुठं प्यायचं? माझ्या आज्याला वाटेवरच्या प्रत्येक गावातला महारवाडा पाठ होता. कुठं टेकायचं, कुठल्या विहिरीकडं बघायचंसुद्धा नाही, सगळं डोक्यात. अमेरिकेत काळ्या माणसांना कुठल्या हॉटेलात खोली मिळेल, कुठं पेट्रोल मिळेल याचं एक पुस्तकच निघायचं. 'ग्रीन बुक'. न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमननं ते १९३६ साली काढलं, साठीच्या दशकापर्यंत चाललं. आमचं पुस्तक छापलं नाही, एवढाच फरक.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, पुढं लंडनला. त्यांनीच लिहून ठेवलंय की त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले आणि पहिला प्रश्न पडला, राहायचं कुठं? पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. काही दिवसांनी पारशी काठ्या घेऊन दारात उभे. कोलंबियात शिकलेला माणूस, बडोद्यात एक खोली नाही. ज्या टिपणात हे लिहिलंय त्याचं नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. आपल्याच मुलखात व्हिसाची वाट!

परदेश म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. तिथंही कातडी बघणारे आहेत. कतारमध्ये २०१८ पर्यंत बहुतेक परदेशी मजुरांना देश सोडायलासुद्धा मालकाची परवानगी लागायची. म्हणजे तिथंही प्रश्न तोच, पाय कुणाचे आणि हुकूम कुणाचा.

आता पवनानगर बघा. धरणात माणसांच्या जमिनी गेल्या. आज त्याच पाण्याच्या काठी तंबू लागतात. पुण्या-मुंबईची मंडळी शुक्रवारी रात्री ठरवतात, शनिवारी हजर. त्यांना 'हुंदडतात' कुणी म्हणत नाही. तंबू ठोकतात आपली पोरं. मी एकदा असाच न ठरवता आलो, रात्र झाली म्हणून एका ठिकाणी खोली मागितली. "पूर्ण नाव?" सांगितलं. मग खोली शिल्लक नव्हती. सालं, माझ्यामागून आलेल्यांना मात्र मिळाली.

कामशेतहून पवनानगरकडं येताना बेडसे लेणी लागतात. भिक्खू पावसाचे तीन महिने एका जागी वर्षावास करायचे, बाकीचं वर्ष चारिका. पलीकडं कार्ल्याच्या चैत्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. दूरच्या मुलखातल्या लोकांनीही या डोंगरात आपलं नाव ठेवलंय. चालणं ही आपली जुनी वहिवाट आहे. ती मोडून आपल्या पायांत वेठ कुणी घातली, हे वेगळं सांगायला नको.

अठरा तास वाचायचंच. त्यात सूट नाही. पण आठवड्यातला एक दिवस कुणालाही न विचारता निघायचं, हाही अभ्यासच आहे. आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही, हे अंगात मुरायला वेळ लागतो. ज्याच्या अंगात हे मुरलं तो परत येऊन "पूर्ण नाव?" विचारणाऱ्यापुढं मान खाली घालणार नाही. माझी त्या रात्री गेली होती. अजून सलते.

तेव्हा दोस्ता, पुढच्या शनिवारीही जा. कुठं चाललास हे आम्हाला आधी सांगू नकोस. बापाला मी बघतो.

जयभीम.