‘बार्बी पिग’ची शरीररचना आणि तुमच्या फोनची बॅटरी

गुलाबी, अर्धपारदर्शक, गुबगुबीत पायांवर चालणारा एक प्राणी. रीलमध्ये तुम्ही कदाचित पाहिलाही असेल आणि ‘एआयनं बनवलंय’ म्हणून पुढे गेला असाल. पण तो खरा आहे. २०२४ मध्ये ‘जेम्स कुक’ या ब्रिटिश संशोधन जहाजावरच्या टीमनं पॅसिफिक महासागराच्या तळाशी तो टिपला. टोपणनाव ‘बार्बी पिग’. ही अँपेरिमा गटातली समुद्री काकडी. नावात काकडी असली तरी नातं तारामाशाशी!

आतून कसा असतो?

पायांपासून सुरुवात करू. त्यात हाड नाही, सांधा नाही. आतल्या नळ्यांमध्ये द्रव भरतो, दाब वाढतो आणि पाय ताठ होतो. जेसीबीचा हात चालतो तेच हायड्रॉलिक तत्त्व. तोंडाभोवतीची शुंडकं म्हणजेही बदललेले पायच. त्यांनी तो तळाचा चिखल गोळा करतो, त्यातलं अन्न पचवतो आणि उरलेला चिखल मागे सोडतो. त्वचा इतकी पारदर्शक की चिखलानं भरलेलं आतडं बाहेरून दिसतं.

मेंदू? नाहीच. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं असतं आणि तिथून पाच मुख्य तंतू शरीरभर जातात. उथळ पाण्यातल्या बऱ्याच समुद्री काकड्यांना श्वासासाठी झाडासारख्या फांद्या असलेला अवयव असतो. खोल समुद्रातल्या या कुळात तोही नाही.

मग ‘नवीन’ कसं ठरवतात?

फोटोवरून ठरत नाही. त्वचेत चुन्याचे सूक्ष्म तुकडे विखुरलेले असतात. घरातल्या ब्लीचसारख्या द्रावणात त्वचेचा तुकडा टाकला की मांसल भाग विरघळतो आणि हे तुकडे उरतात. त्यांचा आकार मायक्रोस्कोपखाली पाहायचा, डीएनए जुळवायचा, मग शास्त्रीय नाव. काम वेळखाऊ आहे, कारण इतका लिबलिबीत प्राणी वर आणतानाच फाटतो.

इथे आपला फोन कुठून आला?

हा प्राणी सापडला तो भाग म्हणजे हवाई आणि मेक्सिकोमधला क्लॅरियन-क्लिपर्टन झोन. तिथे तळावर बटाट्याएवढे धातूंचे गोळे पसरलेत. मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं. यातले निकेल-कोबाल्ट बॅटरीत लागतात, म्हणून खाणकंपन्यांचा डोळा तिथे आहे. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलीमीटरच वाढतात. आणि २०२३ च्या एका अभ्यासानुसार तिथल्या साधारण ९० टक्के प्रजातींना अजून नावच नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं खोल समुद्रातल्या खाणकामाला वेग देणारा आदेश काढला. आंतरराष्ट्रीय सीबेड अथॉरिटीचे खाणकामाचे नियम मात्र जुलैच्या बैठकीतही ठरले नाहीत. आपणही या शर्यतीत आहोत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं १९८१ मध्येच ‘गवेषणी’ जहाजातून असे गोळे वर आणले होते. आज मध्य हिंद महासागरात भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचा शोधहक्क आहे.

क्लॅरियन-क्लिपर्टन झोनमध्ये १९७९ मध्ये एका यंत्राची चाचणी झाली होती. ४४ वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले, तर चाकोऱ्या जशाच्या तशा. काही छोटे जीव परतलेत, पण गोळे परत येणार नाहीत.

माझं मत सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये बॅकअप न घेता प्रॉडक्शन डेटाबेस डिलीट करणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. इथे तर डेटाबेसमध्ये काय आहे हेही वाचून झालेलं नाही. शिवाय अनेक ईव्हींमधली एलएफपी बॅटरी निकेल-कोबाल्टशिवाय चालतेच. त्यामुळे घाई नेमकी कोणाला आहे, हे आधी विचारायला हवं. आणि आपल्या हातात काय? फोन एक वर्ष जास्त वापरा. जुना ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ई-कचरा केंद्रात द्या. त्यातला कोबाल्ट आधीच खणून काढलेला आहे!