गिऱ्हाइकाची नोंदवही कोणाच्या हाती?

२००४ साली फ्लोरिडावर फ्रान्सिस चक्रीवादळ चालून येत असता वॉलमार्टने आधीच्या वादळातील विक्रीचे आकडे तपासले. विजेऱ्या खपतात, हे कोणीही सांगितले असते. स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट सातपट खपतात, हे आकड्यांनीच दाखविले. त्याप्रमाणे मालमोटारी निघाल्या. ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात ते हेच.

त्याच वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्टचे सुमारे ७७ टक्के भाग घेतले. कोट्यवधी भारतीय कुटुंबांच्या आवडीनिवडींची नोंदवहीही त्या व्यवहारात गेली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने देयकांची माहिती देशातच साठविण्याचा आदेश दिला, तो योग्यच. पण साठा येथे आणि निर्णय परक्यांचा, याला स्वदेशी कसे म्हणावे?

आपला वाणी गिऱ्हाईक ओळखतो खरा. पण ती ओळख त्याच्या डोक्यातच राहते. व्यापारी संघांनी ती सामायिक संगणकावर आणण्याचे काम हाती घ्यावे.