शेवट मला पटला नाही

मैत्रिणींनो, या खेपेला लोणची-मुरांबे नाहीत. कैरीच्या साखरांब्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा धीर धरावा.

आमच्याकडे सध्या नणंदेची मुलगी राहायला आहे. वय तेवीस, एम.ए. करते आणि रात्र रात्र लिहीत बसते. परवा तिनं पन्नासेक पानं माझ्यापुढं ठेवली. "मामी, वाच आणि खरं काय ते सांग." मी वह्या तपासायच्या बाजूला सारल्या. गोष्ट दोन बायकांची. एक तलवार चालवणारी, दुसरी गोष्टी लिहिणारी. दोघी गावोगाव हिंडतात आणि त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे. मैत्रिणी-मैत्रिणींचं नव्हे हं, नवरा-बायकोत असतं (असावं म्हणू या!) तसं.

या दोघी तिनं निर्माण केलेल्या नाहीत. 'झीना : वॉरियर प्रिन्सेस' नावाची एक मालिका होती. अमेरिकन, पण चित्रण सारं न्यूझीलंडमध्ये. सप्टेंबर १९९५ ते जून २००१ अशी ती चालली. लूसी लॉलेस झाली होती झीना आणि रेने ओ'कॉनर गॅब्रिएल. जुन्या ग्रीसचा काळ, देव, राक्षस, शाप, पुनर्जन्म, सगळं त्यात होतं. पूर्वी लूटमार करणारी झीना आता पापं फेडत फिरते आणि खेड्यातली गॅब्रिएल तिच्या मागोमाग घर सोडून निघते. एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही. पण हे प्रेम नक्की कोणतं, ते मालिकेनं कधी स्पष्ट बोलून दाखवलं नाही. अर्धं सांगायचं, अर्धं बघणाऱ्यावर सोडायचं. चाहत्यांनी त्याला शब्दच दिला होता, 'सबटेक्स्ट'. म्हणजे ओळींच्या खालचा मजकूर. आपण सासरच्या पत्रात नाही का वाचत असू, तसा!

मग बघणाऱ्या बायकांनी लेखण्या उचलल्या. आवडत्या मालिकेतली माणसं घेऊन आपण गोष्ट रचायची, याला फॅन फिक्शन म्हणतात. ही चाल जुनी आहे. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी १९६७ सालीच 'स्पॉकनेलिया' नावाचं अंक काढलं होतं. झीनाच्या वेळी इंटरनेट आलं, आणि गोष्टींना पूर आला. पैसा कुणाला मिळत नव्हता. उलट गोष्टीच्या आरंभी लिहायचं, की ही पात्रं माझी नाहीत. शिवाय एक ताकीद असायची : यात दोन प्रौढ स्त्रियांचं प्रेम आहे, तुमचं वय अठराच्या आत असेल किंवा तुमच्याकडे कायद्यानं बंदी असेल तर वाचू नका. त्या वेळी आपल्याकडची कुणी ते वाचत असेल तर तिचा हात तिथं नक्की थबकला असेल. प्रौढांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना सर्वोच्च न्यायालयानं गुन्ह्यातून वगळलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला.

गंमत पुढं आहे. मेलिसा गुड ही अशाच गोष्टी लिहिणारी चाहती. मालिकेच्या शेवटच्या वर्षी तिलाच बोलावून दोन भाग लिहून घेतले! आणखी एक प्रकार निघाला, 'ऊबर'. टॅक्सी नव्हे! त्याच दोघी नवा जन्म घेऊन नव्या नावांनी भेटतात, ऑफिसात, इस्पितळात, कुठंही. मेलिसाची 'ट्रॉपिकल स्टॉर्म' त्यातलीच, पुस्तक म्हणूनही निघालेली.

आणि मग जून २००१ मध्ये शेवटचा भाग आला. जपानातली कथा. झीनाच्या हातून पूर्वी लागलेल्या आगीत चाळीस हजार माणसं गेलेली. त्यांचे आत्मे सुटायचे तर झीनानं मेलेलंच राहायला हवं. गॅब्रिएल तिची रक्षा घेऊन सूर्य बुडायच्या आत झऱ्याशी पोचते. रक्षा पाण्यात टाकली की झीना परत येईल. आणि झीनाच तिचा हात धरते. सूर्य बुडतो. भाची मला हे सांगताना उठून पाणी प्यायला गेली, यावरून ओळखा.

पुष्कळ चाहत्यांना हा शेवट झोंबला. दोघी बायका एकमेकींना सापडल्या की एकीनं मरायचं, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, 'बफी' मालिकेत विलोच्या डोळ्यांदेखत तिची टारा गोळी लागून मेली. तेव्हा काहीजणींनी झीनाचा सातवा हंगाम स्वतःच लिहून काढला, भागांमागून भाग. त्यात झीना जिवंत आहे.

माझी भाचीही तेच लिहितेय, वीस-बावीस वर्षांनी. लढाई फार लांबली आहे, तसं मी सांगितलं. पण पावसात लाकडं भिजतात, पेटत नाहीत आणि दोघी त्यावरून कडाकडा भांडतात, मग एकाच कांबळ्यात गप्प बसतात, ते पान मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना दूध उतू गेलं.

नणंदबाईंना हे कुठून कळलं देव जाणे. रविवारी फोन. "तुझ्या घरात राहून ही असलं काय लिहिते? म्हणजे ती स्वतःच... तशी?" मी म्हटलं, "वन्सं, ते मी विचारलेलं नाही. असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांत लेकुरवाळ्याही आहेत आणि बाईवर प्रेम करणाऱ्याही. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. तुम्ही वाचलंत का?" त्या गप्प. मग म्हणाल्या, "मला कोण देतंय वाचायला?"

खरंच की. आम्ही दोघींनी बजावून बजावून तिला लपवायला शिकवलं असतं, वाचायला मात्र कुणी मागितलं नसतं. भाचीला विचारलं. तिचा चेहरा उतरला, रात्रभर काही बोलली नाही. सकाळी स्वतःच पानं आणून दिली. पहिल्या पानावर तिनं शाईनं लिहिलं होतं : आईसाठी, लढाई सोडून वाचलीस तरी चालेल.

बुधवारी चकल्यांच्या डब्याबरोबर पानं धाडली. डबा पोचल्याचा निरोप आला. चकल्या खुसखुशीत होत्या म्हणे. पानांबद्दल अजून काही नाही. भाची फोन वाजला की बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहते.