तीन मजल्यांचा माज

मंडळी, परवा एक ज्युनिअर मला म्हणाला, "स्क्रीन थेट टेबलला बांधायची? शी! हे काय १९९८ आहे?" १९९८ म्हणजे व्हिज्युअल बेसिक ६ चं साल. फॉर्मवर डेटा कंट्रोल टाका, टेक्स्टबॉक्सला कॉलम जोडा, झालं सॉफ्टवेअर! आपण याला नाकं मुरडतो. मीही मुरडायचो.

सोलापुरात नवी पेठेत ओळखीच्या काकांचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे. कॉम्प्युटर दोन, प्रिंटर एक. जुना प्रोग्राम असाच, टेबलला चिकटलेला. मी मोठ्या तोऱ्यात तो काढून 'थ्री-टिअर' बसवला.

मग उजाडला २२ सप्टेंबर २०२५. कपड्यांसाठी ५ टक्के जीएसटीची मर्यादा नगाला १,००० वरून २,५०० रुपये झाली, आणि त्यापुढचा दर १२ चा १८ टक्के. माझा नियम तीन जागी लिहिलेला: स्क्रीनवर, मधल्या थरात, रिपोर्टमध्ये. रात्रीत तिन्हीकडे बदलला, आणि मधल्या थरात मर्यादा तपासताना सूट वजा करायला विसरलो. २,६०० चा शर्ट १० टक्के सूट देऊन २,३४० ला गेला. कर हवा ११७ रुपये, बिलावर ४२१ रुपये २० पैसे! गिऱ्हाईक काउंटरवर भांडलं. काका एवढंच म्हणाले, "जुनंच बरं होतं की!"

बरंच होतं हो. जुन्यात मर्यादा, दर आणि लागू तारीख एका टेबलात होती, आणि सगळे फॉर्म एकाच क्वेरीतून दर घ्यायचे. दोन ओळी वाढवल्या की काम संपलं असतं. आधीच्या बिलाचा माल परत आला तरी तारखेवरून जुना दर आपोआप लागला असता.

म्हणजे मधला थर फालतू? अजिबात नाही. उद्या काकांनी दुसरी शाखा काढली, ऑनलाइन विक्री सुरू केली, की त्याच डेटाला तीन-चार दारं होतील. तेव्हा प्रत्येक दारात नियम लिहिणं म्हणजे माझीच चूक पुन्हा करणं. तिथे मधला थर हवाच. शिवाय थेट बांधलेल्या स्क्रीन कॉलमचं नाव बदललं तरी कोलमडतात, हेही खरं.

पण प्रश्न मजले किती हा नाहीच. डेटाला दारं किती, आणि नियम एका जागी आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारा. दार एकच असेल तर खुशाल बांधा स्क्रीन टेबलला. रेझ्युमेवर 'मल्टी-टिअर' लिहायची हौस दुकानदाराच्या गल्ल्यातून भागवू नका.

असो. ते दरांचं टेबल मी आता परत आणलंय. काकांना सांगितलं नाही :)