ट्रेलर, घाट आणि पुलाची उंची

छिंदवाड्याहून सौंसरला येताना सिल्लेवानी घाट उतरावा लागतो. तिथे एखादा ट्रेलर अडला की दोन्हीकडे रांगा लागतात आणि सगळे ड्रायव्हरला बोल लावतात. तो चुकत नाही असे नाही. उतारावर मागचा भरलेला ट्रेलर पुढच्या इंजिनाला ढकलत असतो. नुसता ब्रेक दाबून ठेवला तर लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. म्हणून खालचा गिअर घाटमाथ्यावरच टाकायचा, अर्ध्या उतारावर नव्हे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे तर जिवाशीच खेळतात.

पुलांचे दुखणे निराळे. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके जानेवारी 2019 पर्यंत देशभर बंद झाली आणि अनेक ठिकाणी रुळांखालून कमी उंचीचे रस्ते निघाले. आपली नागपूर-छिंदवाडा छोटी लाइनही आता मोठी झाली आहे. अशा पुलाखाली शिरण्याआधी उंची माल भरल्यावर, ताडपत्रीसकट मोजावी. माल उतरला की स्प्रिंग उचलतात, म्हणून जाताना निघालेला ट्रेलर रिकामा परतताना अडकू शकतो. शिवाय पुलाखाली डांबराचा नवा थर पडला की फलकावरचा जुना आकडा खोटा ठरतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

खरी अडचण फलकाच्या जागेची आहे. पुलाच्या तोंडाशी उंची वाचून उपयोग काय? तिथे लांब ट्रेलर वळतच नाही. हा फलक मुख्य रस्त्यावर, फाट्यालाच हवा. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून अशी मागणी घेऊन छिंदवाड्याला जावे लागत नाही. संत्र्याचा हंगाम लागण्याआधी ती मांडलेली बरी.