वाचले, पण उमजले किती?

मानवी जनुकसंचाचा कच्चा मसुदा तयार झाल्याची घोषणा २६ जून २००० रोजी झाली, तेव्हा सर्व रोगांची किल्लीच हाती आली अशी भाषा चोहोकडे ऐकू येत होती. त्या मसुद्यातील गाळलेल्या जागा भरून निघावयास २०२२-२३ साल उजाडले. अक्षरे लागली हे खरे. परंतु मोडी वाचता येणे वेगळे आणि दप्तरातील कागदाचा व्यवहार उमजणे वेगळे, हे इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको. जनुकांच्या बाबतीत मात्र हा फरक वारंवार विसरला जातो.

जनुकाचे कार्य शोधण्याची एक जुनी रीत अगदी साधी आहे. ते निकामी करावयाचे आणि काय बिघडते ते पाहावयाचे. कचेरीतील एखादा मनुष्य रजेवर गेला म्हणजेच तो कोणते काम करीत होता हे साहेबांस कळते, त्यातलाच हा प्रकार. क्रेग व्हेंटर आणि क्लाइड हचिसन यांच्या अमेरिकन गटाने ही रीत टोकास नेली. शेळ्यांना रोग जडविणाऱ्या मायकोप्लाझ्मा वर्गातील एका जीवाणूची अनावश्यक जनुके वगळून, केवळ जगण्यापुरती जनुके असलेली पेशी घडवावी असा त्यांचा बेत होता. उपलब्ध ज्ञानाच्या आधारे प्रथम जो आराखडा केला, त्यातून जिवंत पेशी निपजलीच नाही. मग जनुकाजनुकात खीळ घालून पाहण्याचा किचकट मार्ग पत्करावा लागला. २०१६ मध्ये ४७३ जनुकांची पेशी सिद्ध झाली. गंमत अशी की, त्यांतील १४९ जनुके नेमके काय करतात हे तिच्या निर्मात्यांनाही सांगता येईना!

पहिला आराखडा फसण्याचे एक कारण विचार करण्याजोगे आहे. एकच काम करणारी दोन जनुके असली, तर त्यांतील कोणतेही एक काढा, काही बिघडत नाही. दोन्ही काढली की पेशी मरते. दोन कारकुनांपैकी एक रजेवर गेल्याने खिडकी बंद पडली नाही, एवढ्यावरून तो बिनकामाचा ठरत नाही. अशा जोड्या सर्वच एका मुळाच्या नसतात; परंतु पुष्कळशा कशा निपजतात याचे उत्तर सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्येच आग्रहाने मांडले होते. कधी चुकून जनुकाची जादा प्रत पडते. एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरीस बदलण्याची मोकळीक मिळते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या साखळ्या अशाच प्रतींतून आल्या. त्यांतील एक गर्भात उपयोगी पडते, तर दुसरी जन्मानंतर तिची जागा घेते. निसर्ग कोरा कागद घेऊन बसत नाही. जुन्याच मसुद्यावर खाडाखोड करीत राहतो. मग 'एक जनुक, एक काम' हा हिशेब जुळावा कसा?

तो गृहीत धरल्याने काय होते ते नोव्हेंबर २०१८ मध्ये दिसले. एड्सच्या विषाणूपासून संरक्षण मिळावे म्हणून भ्रूणांतील सीसीआर-५ या जनुकात आपण फेरफार केला आणि त्यांतून जुळ्या मुली जन्मल्या, असे चीनमधील एका संशोधकाने जाहीर केले. वास्तविक हे जनुक निकामी असलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूची बाधा अधिक जाचते, हे तत्पूर्वीच प्रसिद्ध झाले होते. पुढच्या वर्षी त्या संशोधकास कारावास झाला. मुलींच्या शरीरातील बदल काही त्याने पुसला जात नाही.

अमुक गुणाचे 'जनुक सापडले' असे मथळे देणाऱ्या वृत्तपत्रांनी, त्यांत आम्हीही आलो, थोडा संयम पाळावयास हवा. वर्गातही ज्ञात जनुकांच्या जोडीने त्या १४९ अनोळख्यांची गोष्ट सांगितली जावी. आणि अनुदान देणाऱ्या समित्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. संशोधकांची गर्दी आधीच परिचित असलेल्या जनुकांभोवती होते, कारण तेथे निष्कर्षाची हमी असते. अनोळखी जनुकामागे लागणाऱ्या तरुणास अशी हमी देता येत नाही, आणि तेवढ्यासाठी त्याचा अर्ज बाजूस सारला जाऊ नये. ४७३ जनुकांच्या त्या पेशी विभागताना वेड्यावाकड्या आकाराच्या होत असत. वगळलेल्यांपैकी सात जनुके परत मिळाली की त्या नीट विभागतात, असे २०२१ मध्ये आढळले. त्या सातांपैकी पाचांचे काम तेव्हाही कोणास ठाऊक नव्हते.